यादीतून काढलेला आयपी पुन्हा यादीत का जातो: स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या छोट्या कंपन्यांसाठी

भोसरी, चाकण, पिरंगुट, हडपसर. ऑफिसात किंवा भाड्याच्या व्हीपीएसवर (डेटा सेंटरमधल्या आभासी सर्व्हरवर) स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्या छोट्या कंपन्यांकडून येणारा फोन बहुतेक वेळा एकाच तक्रारीने सुरू होतो: "कोटेशन पाठवलंय, पण समोरचे म्हणतात मिळालंच नाही." मग बघितल्यावर कळतं की जीमेलवर मेल स्पॅममध्ये पडतोय, आउटलुक दारातूनच परत पाठवतंय आणि आयपी, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, स्पॅम पाठवणाऱ्यांच्या कुठल्यातरी काळ्या यादीत आहे. कुणीतरी यादीच्या साइटवर जाऊन फॉर्म भरतं, काही तासांत नाव निघतं, सगळे कामाला लागतात. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फोन. "अहो, मागच्याच वेळी काढलं होतं ना ते?"

इथे लिहिलंय ते सगळं या दुसऱ्या फोनसाठी आहे. नाव काढण्याचा फॉर्म हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. त्या आयपीवरून बाहेर काय जातंय हे सापडेपर्यंत फॉर्म भरू नका. तोच आयपी पुन्हा पुन्हा सापडत राहिला तर स्पॅमहाउससारख्या याद्या आपलं आपण नाव काढायची सोय बंद करतात, आणि मग खरी साफसफाई केल्यावरही पटवून देत बसावं लागतं.

परत आलेला मेल पूर्ण वाचा

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फोटोत बहुधा "अनडिलिव्हरेबल" एवढंच दिसतं. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. समोरच्या सर्व्हरने दिलेलं मूळ उत्तर आकड्यांसकट हवं, आणि ते लॉगमध्ये असतं. उत्तर ५ ने सुरू होत असेल तर नकार पक्का. ४ ने सुरू होत असेल तर "आत्ता नाही, नंतर या".

हा दुसरा प्रकार जास्त घातक. पोस्टफिक्स (मेल पाठवणारा सर्व्हर प्रोग्रॅम) असा मेल रांगेत ठेवून पाच दिवस प्रयत्न करत राहतो आणि मूळ सेटिंगमध्ये पाठवणाऱ्याला मधल्या काळात काहीही कळवत नाही. चाकणच्या परचेस खात्याने दिलेली मुदत तोवर उलटून गेलेली असते आणि पाठवणारा समजतो की मेल गेला. पोस्टफिक्समधली "डिले वॉर्निंग टाइम" ही सेटिंग मुळात शून्यावर, म्हणजे बंद असते. ती चार तासांवर आणा. आयपीच्या प्रतिष्ठेचा, म्हणजे समोरच्या सर्व्हरांकडे असलेल्या नावाचा, प्रश्न यातून सुटणार नाही, पण माणसाला त्याच दिवशी कळेल आणि तो फोन करून दुसरा मार्ग काढेल.

जीमेलचं ५.७.२५ आलं तर तुमच्या आयपीचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नाही किंवा जुळत नाही. ५.७.२६ म्हणजे एसपीएफ (डोमेनचा मेल कुठून येऊ शकतो ती नोंद) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) दोन्हीत नापास. हे दोन्ही दोष तुमच्या डीएनएस नोंदींतले आहेत आणि सुटण्यासारखे आहेत, त्यांना "आयपी बदनाम" म्हणून मोकळं होऊ नका. ५.७.१ सोबत "हा मेल नकोसा वाटतो" असा मजकूर आला तर मात्र प्रश्न प्रतिष्ठेचा. ४२१ ४.७.२८ म्हणजे तुमच्या पत्त्यावरून नेहमीपेक्षा वेगळ्या वेगाने मेल येतायत. हा आकडा दिसला आणि त्या दिवशी तुम्ही काही विशेष पाठवलेलं नसेल, तर पाठवणारं दुसरंच कुणीतरी आहे. मायक्रोसॉफ्टच्या उत्तरात एस३१४० किंवा एस३१५० असेल तर तुमच्या नेटवर्कचा भागच त्यांनी अडवलाय. याहूचं टीएसएस०४ म्हणजे वापरकर्त्यांच्या तक्रारी किंवा अचानक वाढलेली गर्दी.

यादी कोणती, आणि तिला किती किंमत द्यायची

शंभर याद्या एकदम तपासून लाल खुणांचा तक्ता दाखवणाऱ्या साइटवर मालक लोक घाबरतात. त्यातल्या बऱ्याच याद्या कुणी वापरत नाही, काही तर बंद पडल्या आहेत. सॉर्ब्ससारखी जुनी यादी जून २०२४ मध्ये कायमची बंद झाली, तरी जुन्या सर्व्हरांच्या कॉन्फिगमध्ये तिचं नाव अजून सापडतं. यूसीईप्रोटेक्टच्या तिसऱ्या पातळीवर तर एखाद्या पुरवठादाराचं अख्खं नेटवर्क चढतं. त्यात तुमचा आयपी दिसणं साहजिक आहे, आणि लवकर काढून देण्यासाठी मागितलेले पैसे देऊ नका. पहिल्या पातळीची नोंद नवीन काही घडलं नाही तर सात दिवसांत आपोआप उतरते.

लक्ष द्यायचं ते स्पॅमहाउसकडे, नंतर बॅराकुडा आणि स्पॅमकॉपकडे. जीमेल आणि मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे हिशेब कुठल्याच जाहीर यादीत दिसत नाहीत. म्हणून सगळीकडे हिरवं दिसत असूनही मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो.

स्पॅमहाउसच्या "झेन" या एकत्रित यादीला डीएनएसमार्फत विचारल्यावर उत्तर एका आयपीच्या रूपात येतं, आणि त्याचा शेवटचा आकडा महत्त्वाचा. १२७.०.०.२ म्हणजे एसबीएल, माणसाने तपासून केलेली नोंद. १२७.०.०.३ म्हणजे सीएसएस, वाईट पाठवणुकीच्या खुणांवरून यंत्राने केलेली. १२७.०.०.४ ते ७ म्हणजे एक्सबीएल: त्या आयपीमागे बाधित यंत्र आहे. १२७.०.०.१० आणि ११ म्हणजे पीबीएल.

पीबीएल हा आरोप नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. आयपींच्या या पट्ट्यातले पत्ते घरगुती किंवा बदलते आहेत आणि तिथून थेट मेल जाणं अपेक्षित नाही, इतकंच ती यादी म्हणते. तुम्ही पैसे भरून स्थिर आयपी घेतलात, पण आयएसपीने (इंटरनेट पुरवठादाराने) तो ब्रॉडबँडच्याच पट्ट्यातून काढून दिला, तर तुम्ही पीबीएलमध्ये असणारच. १० आला तर ती नोंद आयएसपीने स्वतः दिलेली असते, तेव्हा आधी त्यांच्याशी बोला. ११ असेल आणि रिव्हर्स डीएनएस नीट असेल तर आपल्या एकट्या आयपीसाठी अर्ज करता येतो.

तपासताना एक सापळा आहे. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) झेनला विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ "या मार्गाने विचारू नका" एवढाच, तुम्ही यादीत आहात असा नाही. पण ज्या सर्व्हरला हे उत्तर वेगळं ओळखायला शिकवलेलं नाही तो कुठलंही उत्तर म्हणजे "यादीत आहे" असं धरतो आणि सगळ्या जगाचे येणारे मेल परत पाठवायला लागतो. मेल सर्व्हरवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवा आणि त्यालाच विचारा. बसवायला अर्धा तास लागत नाही.

एकाच आयपीमागे मेल सर्व्हर आणि अख्खं ऑफिस

आता मूळ दुखण्याकडे. एक्सबीएलमध्ये पुन्हा पुन्हा जाणाऱ्या ऑफिसांत मला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं: मेल सर्व्हर, हिशेबाचे पीसी, शॉप फ्लोअर, पाहुण्यांचं वायफाय आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सगळे एकाच राउटरमागून एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर पडतात. बाहेरच्या जगाला आत किती यंत्रं आहेत हे दिसत नाही. डिझाइनवाल्याने क्रॅक केलेलं कॅड सॉफ्टवेअर बसवलं, सीएनसीला प्रोग्रॅम पाठवणाऱ्या जुन्या विंडोज एक्सपीच्या पीसीत पेन ड्राइव्हमधून काही शिरलं, कॉन्फरन्स रूमच्या टीव्हीला लावलेल्या स्वस्तातल्या अँड्रॉइड बॉक्समध्ये आधीपासूनच मालवेअर होतं, तर बदनामी मेल सर्व्हरच्या पत्त्याची होते. मेल सर्व्हरचा लॉग मात्र अगदी स्वच्छ. म्हणून सर्व्हरवाला शपथेवर सांगतो की आमच्याकडून काही गेलेलं नाही, आणि तो खरंच बोलत असतो.

उपाय फायरवॉलवर आहे. लॅनमधून (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमधून) बाहेर जाणारा पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, मेल सर्व्हर सोडून सगळ्यांसाठी बंद करा. कर्मचाऱ्यांचे मेल प्रोग्रॅम ५८७ किंवा ४६५ वापरतात, त्यांना काही फरक पडत नाही. नुसता बंद करू नका, अडवलेली प्रत्येक जोडणी लॉगमध्ये पडेल असं करा. ज्या पीसीवरून मिनिटामिनिटाला अनोळखी पत्त्यांच्या पोर्ट २५ कडे धाव चालू असेल तो त्या लॉगमध्ये लगेच उठून दिसतो. राउटर इतका साधा असेल की लॉगच ठेवत नाही, तर स्विचचा एक पोर्ट मिरर करून टीसीपीडंप (नेटवर्कची वाहतूक टिपणारा प्रोग्रॅम) लावा.

यात वेळ जुळवणं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच बहुतेक जण सोडून देतात. स्पॅमहाउसच्या नोंदीत शेवटचं काही आढळल्याची वेळ दिलेली असते आणि ती यूटीसीमध्ये असते. त्यात साडेपाच तास मिळवा. रात्री ९:४० दिसत असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची ३:१० झालेली असते. त्या वेळी ऑफिसात चालू कोण होतं, ते राउटरच्या डीएचसीपी नोंदींत (कुठल्या यंत्राला आतला कोणता पत्ता दिला त्या) बघा.

भोसरीत एका शीटमेटलच्या युनिटमध्ये नोंदी गुरुवारी पडत होत्या. एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, शॉप बंद, ऑफिस बंद. सुट्टीच्या दिवशी चालू राहणारी यंत्रं मोजकीच असतात: सर्व्हर, डीव्हीआर, हजेरीचं मशीन, आणि कुणीतरी बंद न करता गेलेला पीसी. शोधाचं मैदान चार वस्तूंवर आलं. सापडला तो डिस्पॅचच्या टेबलावरचा पीसी, ई-वे बिल काढायचा, वरच्या यूपीएसवर कायम चालू असलेला. तेव्हापासून कुठल्याही एमआयडीसीतल्या गिऱ्हाइकाकडे मी आधी सुट्टीच्या दिवसाची वाहतूक बघतो. माणसं नसताना जे चालू असतं ते माणसांनी केलेलं नसतं, आणि शोधायला तेवढी गर्दी कमी.

पोर्ट २५ बंद केल्यावर स्पॅम थांबतो, पण एक्सबीएल तेवढ्यावर थांबत नाही. बाधित यंत्राने मालवेअरच्या नियंत्रण सर्व्हरकडे केलेली साधी वेब जोडणीसुद्धा नोंद व्हायला पुरते. फुकट व्हीपीएन म्हणून मोबाइलवर घेतलेली काही ॲप तुमची लाइन इतरांना भाड्याने देतात, तीही यात येतात. पाहुण्यांच्या फोनवर तुमचं नियंत्रण नाही. त्यामुळे टिकाऊ इलाज एकच: मेल सर्व्हरला स्वतंत्र पब्लिक आयपी. आयएसपीकडून आठ पत्त्यांचा गट मागा. त्यातले नेटवर्कचा, ब्रॉडकास्टचा आणि गेटवेचा पत्ता सोडून पाच वापरता येतात. एक मेलला, एक ऑफिसला, एक पाहुण्यांच्या वायफायला. महिन्याचा खर्च थोडा वाढतो, पण तो मालकाला पटवून देण्याइतका महत्त्वाचा आहे. एक हुकलेली ऑर्डर त्याहून महाग पडते.

सर्व्हरवरूनच जात असेल तर

लॉगमध्ये लॉगिन करून मेल पाठवणाऱ्यांची नावं काढा आणि संख्येनुसार लावा. फोडलेलं खातं बहुधा पहिल्याच ओळीत असतं. परचेसचा माणूस रोज तीस-चाळीस मेल पाठवतो आणि एका रात्रीत त्याच्या नावावर हजारो दिसतात, तेही वेगवेगळ्या देशांतल्या आयपींवरून. अशा वेळी आधी रांग रोखून धरा, पुसू नका. त्यातले मेल पुरावा आहेत, आणि त्यात कुणाचं खरं इन्व्हॉइसही अडकलेलं असू शकतं. मग पासवर्ड बदला. आणि पोस्टफिक्स व डोव्हकॉट (लॉगिन आणि मेलपेट्या सांभाळणारा प्रोग्रॅम) दोन्ही रीस्टार्ट करा, कारण आधीच उघडलेली जोडणी पासवर्ड बदलल्याने तुटत नाही आणि डोव्हकॉटच्या कॅशमध्ये जुना पासवर्ड काही काळ चालू राहू शकतो. "पासवर्ड बदलला तरी चालूच आहे" या तक्रारीमागे हेच असतं.

हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी. प्रत्येक खात्याला तासाची मर्यादा घाला. आरस्पॅमडी या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती सोय आहे. शंभराच्या वर कुणी गेलं तर अडवून तुम्हाला कळवायचं. आणि लॉगिन एकाचं, पाठवणारा म्हणून नाव दुसऱ्याचं, असं चालू देऊ नका. पोस्टफिक्समध्ये सेंडर-लॉगिन जुळणीची तपासणी त्यासाठीच आहे. कंपनीचं नाव, ॲटचं चिन्ह आणि १२३ हा पासवर्ड अजूनही इतक्या ठिकाणी सापडतो की मी आता खाती तपासताना पहिल्यांदा तोच घालून बघतो.

कंपनीची वेबसाइट त्याच यंत्रावर असेल तर संपर्क फॉर्म बघा. "तुमच्या संदेशाची प्रत तुम्हालाही पाठवू" अशी सोय असलेला फॉर्म म्हणजे कुणाच्याही पत्त्यावर कुणाचाही मजकूर तुमच्या नावाने पाठवायचं यंत्र. पीएचपीमध्ये मेलला मूळ स्क्रिप्टचं नाव जोडणारी हेडरची सेटिंग आहे, ती चालू केली की कोणत्या फाइलमधून मेल निघाला ते हेडरमध्येच लिहून येतं.

फॉरवर्डिंगचं दुखणं याहून छुपं आहे. विक्रीतली माणसं ऑफिसचा सगळा मेल आपल्या खासगी जीमेलवर वळवून घेतात, सोयीचं पडतं म्हणून. त्यांच्या पत्त्यावर येणारा स्पॅमही मग तुमच्याच आयपीवरून गूगलच्या दारात जातो. तिथे माणूस तो स्पॅम म्हणून दाबतो आणि तक्रार तुमच्या खात्यात जमा होते. दहा-बारा माणसांची अशी वळणं असलेल्या कंपनीला जीमेलवर चांगलं नाव मिळणं फार अवघड. वळण बंद करा आणि त्यांच्या फोनवर आयमॅपने खातं जोडून द्या. विरोध होतो. "मला एकाच ठिकाणी सगळं बघायची सवय आहे" असं ऐकावं लागतं. तरी आग्रह धरा.

नसलेल्या पत्त्यावर आलेला मेल आधी स्वीकारून मागाहून "असा कोणी नाही" म्हणून परत पाठवणारा सर्व्हरही स्वतःचं नाव खराब करतो, कारण स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो आणि ते उत्तर भलत्याच्याच डोक्यावर जातं. दारातच नकार द्या, एवढं पुरे.

आणि मग दिवाळी. वर्षभर शांत असलेल्या आयपीवरून एका सकाळी, आजवर जमवलेल्या प्रत्येक पत्त्यावर शुभेच्छांचं चित्र जातं. त्यात प्रदर्शनात गोळा केलेली व्हिजिटिंग कार्डं असतात, कुणाकडून तरी मिळालेली "इंडस्ट्रियल डेटा"ची एक्सेल शीट असते, नोकरी सोडून गेलेल्यांचे पत्ते असतात. बंद पडलेले काही पत्ते पुढे सापळे म्हणून वापरले जातात: तिथे मेल आला की पाठवणारा यादी न तपासता पाठवतोय हे सिद्ध होतं. सीएसएसमधली नोंद पुष्कळदा अशी पडते. शुभेच्छा द्यायच्याच असतील तर गेल्या वर्षात ज्यांच्याशी खरोखर पत्रव्यवहार झाला त्यांनाच द्या. विकत आणलेली यादी कधीही नको, कितीही "व्हेरिफाइड" म्हणून दिली तरी. जाहिरातीचे मेल वेगळ्या सबडोमेनवरून आणि वेगळ्या सेवेमार्फत जाऊ देत, रोजच्या कोटेशनचा रस्ता त्यांनी अडवता कामा नये.

घर साफ, शेजार खराब

हे सगळं तपासून झालं, काही सापडलं नाही, तरी मायक्रोसॉफ्ट एस३१५० म्हणत असेल तर प्रश्न तुमचा नाही, पट्ट्याचा आहे. एपीनिकने (आशिया-पॅसिफिकमध्ये आयपी वाटणाऱ्या संस्थेने) आपला शेवटचा मोठा आयपीव्ही४ साठा १५ एप्रिल २०११ पासून रेशनिंगने वाटायला सुरुवात केली. तेव्हापासून आपल्या भागात नवा, कोरा पत्ता मिळणं जवळपास संपलं. आज मिळणारा पत्ता आधी कुणीतरी वापरलेला असतो. भाड्याच्या फ्लॅटवर आधीच्या भाडेकरूच्या नावाने वसुलीवाले येत राहावेत तसं हे आहे.

म्हणून व्हीपीएस घेताना पैसे भरल्याबरोबर आयपी झेनवर तपासा. वाईट निघाला तर पहिल्याच दिवशी बदलून मागा. त्याच्या आसपासचे पत्तेही बघा, शेजारचे दहा-वीस यादीत असतील तर तो पट्टाच सोडा. तासावर भाड्याने मिळणाऱ्या स्वस्त व्हीपीएसच्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नये असं माझं मत आहे, कारण तिथे स्पॅमवाले येतात, पत्ते बदनाम करतात आणि निघून जातात. मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे बाहेर जाणारा पोर्ट २५ मुळातच बंद असतो. ती अडचण वाटते, पण त्यामागचं कारण हेच आहे.

मायक्रोसॉफ्टकडे आयपी सोडवण्यासाठी अर्जाचा फॉर्म आहे. पहिलं उत्तर "पात्र नाही" अशा छापाचं आलं तर तिथेच थांबू नका. त्याच मेलला उत्तर देऊन काय सापडलं, काय दुरुस्त केलं, कधी केलं हे मुद्देसूद लिहा. "आम्ही स्पॅम पाठवत नाही" एवढंच लिहिलेल्या अर्जाला कुणी दाद देत नाही, आणि का द्यावी?

पण एवढं करूनही पट्टा तोच राहिला तर पुन्हा तेच होणार. अशा वेळी बाहेर जाणारा मेल रिलेमार्फत, म्हणजे दुसऱ्या सेवेच्या मेल सर्व्हरमार्फत, पाठवा. सर्व्हर, साठा, खाती सगळं तुमच्याकडेच राहतं, फक्त बाहेरचा रस्ता दुसऱ्याच्या चांगल्या आयपीवरून. पोस्टफिक्सच्या ट्रान्सपोर्ट मॅपने फक्त आउटलुक आणि हॉटमेलचाच मेल रिलेकडे वळवता येतो, बाकी थेट. एसपीएफमध्ये रिलेचा समावेश करा आणि डीकेआयएमची सही आपल्याच डोमेनच्या किल्लीने करा, म्हणजे पुढे रिले बदलला तरी डोमेनचं कमावलेलं नाव तुमच्याकडेच राहील. स्वतःचा सर्व्हर अगदी शेवटच्या टोकापर्यंत स्वतःच चालवायचा हा हट्ट मला समजतो, आवडतोही. पण दहा माणसांचे पगार ज्या पत्रव्यवहारावर अवलंबून आहेत तिथे तो धरू नये.

नोंदी

या डीएनएसमधल्या नोंदी, काळ्या यादीतल्या नाहीत. ज्यांच्या लावून झाल्यात त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. पीटीआर, म्हणजे रिव्हर्स डीएनएस, आयपी ज्याचा आहे तोच लावू शकतो: ऑफिसात आयएसपी, व्हीपीएसवर त्या सेवेचं पॅनल. आयएसपीच्या कॉल सेंटरला फोनवर हे सांगून उपयोग होत नाही. आयपी, हवं असलेलं पूर्ण नाव आणि त्या नावाची आधीच लावलेली ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी), या तीन गोष्टी लिहून कंपनीच्या लेटरहेडवर मेल करा आणि तक्रार नेटवर्क विभागाकडे पाठवायला सांगा. आयपीवरून नाव आणि नावावरून तोच आयपी, असं दोन्हीकडून जुळलं पाहिजे, आणि सर्व्हर नमस्कार करताना सांगतो ते नावही तेच हवं.

एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच. दोन असल्या तर दोन्ही बाद. तिच्यात दहापेक्षा जास्त डीएनएस चौकश्या झाल्या तरी बाद. डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटची ठेवा, डीमार्क (एसपीएफ-डीकेआयएममध्ये नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) आधी नुसत्या निरीक्षणावर. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारं रिव्हर्स डीएनएस आणि टीएलएस (जोडणीचं एन्क्रिप्शन) असणं सक्तीचं आहे. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. स्पॅम म्हणून दाबल्या गेलेल्या मेलचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं, ०.१ च्या खाली असेल तर उत्तम.

काही मेल जातात, काही परत येतात, नियम काहीच सापडत नाही, असं असेल तर आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) बघा. फायबरच्या लाइनवर तो न मागता चालू झालेला असतो, सर्व्हर कधी या रस्त्याने तर कधी त्या रस्त्याने जातो, आणि व्ही६ ला रिव्हर्स डीएनएस नसतं. ते लागेपर्यंत पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वर ठेवा.

आता फॉर्म भरा

कारण सापडलं, बंद केलं, दोन-तीन दिवस फायरवॉलचा लॉग शांत राहिला, की मग नाव काढायचा अर्ज. अर्ज मंजूर झाल्याबरोबर अडलेला सगळा मेल एकदम सोडू नका. रांगेतले शिळे मेल बघून वगळा, उरलेले हळूहळू जाऊ द्या. जीमेल आणि आउटलुकसाठी पोस्टफिक्समध्ये वेगळी संथ वाट करता येते, एकेका मेलमध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवून. सुरुवातीचे काही आठवडे, जे उत्तर देतात त्यांच्याशीच पत्रव्यवहार जास्त होऊ द्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांना फोन करून सांगा की स्पॅममध्ये पडलेला आमचा मेल बाहेर काढा आणि त्यालाच उत्तर द्या. माणसाने दिलेलं उत्तर हे चांगल्या नावाचं फार मोठं भांडवल आहे.

मधल्या काळात तोच मेल दहादा पाठवायचा मोह लोकांना होतो. तो थांबवा. दर वेळी तोच मजकूर, तीच जोडलेली फाइल, तोच नकार, आणि नाव आणखी खाली. तातडीची पीओ किंवा ड्रॉइंग त्या दिवसापुरती दुसऱ्या मार्गाने पाठवायची व्यवस्था आधीच ठरवून ठेवा.

देखरेखीला फार काही लागत नाही. दर तासाला आपल्याच अनबाउंडमधून झेनला विचारणारी छोटी स्क्रिप्ट, रांग ठराविक संख्येच्या वर गेली की फोनवर निरोप, आणि रोज सकाळी कालच्या बाहेर गेलेल्या मेलचा गोषवारा. लॉग मात्र जास्त काळ ठेवा. डेबियनसारख्या सिस्टिमवर मेलचा लॉग साधारण चार आठवड्यांनी पुसला जातो, आणि महिना-दीड महिन्याने उलटणाऱ्या दुखण्यात मागच्या वेळची नोंद नेमकी तेव्हाच गेलेली असते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचेच आहेत. मेल, फायरवॉल आणि डीएचसीपी, तिन्हीचे ठेवा, आणि तिन्ही यंत्रांची घड्याळं एनटीपीने एकाच वेळेवर आणा. नाहीतर पहाटे ३:१० ला कोण चालू होतं, ते ठरवता येणार नाही.